पाइलमधल्या सळया नेमक्या कशासाठी? गोल पाइलच्या वाकण्याचं गणित

पाइल म्हणजे इमारतीचं वजन खोल जमिनीत पोहोचवणारा काँक्रीटचा खांब. ते वजन पेलायला पाइलला लोखंड जवळजवळ लागतच नाही. साइटवर हे सांगितलं की बरेच जण चमकतात, म्हणून आधी हिशेबच करू. एक मीटर व्यासाचा, एम-३५ काँक्रीटचा, म्हणजे २८ दिवसांनी ३५ मेगापास्कल ताकद देणाऱ्या काँक्रीटचा पाइल घ्या. त्याचं क्षेत्रफळ ७,८५,००० चौरस मिलिमीटरच्या आसपास भरतं. आयएस २९११ हा आपला पाइलचा कोड सांगतो, की रोजच्या भाराखाली काँक्रीटवरचा सरासरी दाब त्याच्या २८ दिवसांच्या क्यूब ताकदीच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. म्हणजे ८.७५ मेगापास्कल. गुणाकार केला तर ६,८७० किलोन्यूटन, साधारण ६९० टन. एवढा भार बहुतेक ठिकाणी खालची जमीनच घेऊ शकत नाही, त्यामुळे काँक्रीट आपल्या मर्यादेच्या बरंच आत राहतं. या सगळ्या हिशेबात सळई कुठेच आली नाही.

तरीही त्याच पाइलमध्ये आपण बारा, चौदा, सोळा सळयांचा जाडजूड पिंजरा सोडतो. तो वजनासाठी नसतो, पाइल वाकतो म्हणून असतो. भूकंपात इमारत आडवी हलते, पुलावर गाडी ब्रेक मारते, जेट्टीवर जहाज टेकतं, आणि प्रत्येक वेळी पाइलच्या डोक्याला आडवा धक्का बसतो. वाकणाऱ्या वस्तूची एक बाजू दाबली जाते आणि दुसरी ताणली जाते. काँक्रीट दाब आनंदाने घेतं, पण ताणाला लगेच तडकतं. ताणाच्या बाजूचं काम सळईचं.

ही सळई किती लागते, कुठे लागते आणि कोणत्या भाराला ती सर्वांत जास्त लागते, हे एका उदाहरणातून शेवटपर्यंत पाहू. नव्याने डिझाइन करायला लागलेले इंजिनिअर बहुतेक वेळा तिसऱ्या प्रश्नावर चुकतात. सॉफ्टवेअर उत्तर देतं, पण कोणती भारस्थिती तपासायची हे आपण त्याला सांगितलेलं असावं लागतं.

वाकणं किती येतं

चिखलात बांबू खोल रोवा आणि वरच्या टोकाला हाताने ढकला. बांबू जमिनीच्या पृष्ठभागापाशी मोडत नाही, थोडा खाली वाकतो, आणि आणखी खाली गेलं की तो हललेलाही नसतो. चिखल जितका मऊ, तितका बांबू खोलवर वाकतो. पाइलचंही असंच होतं. तो किती खोलवर वाकेल हे दोन गोष्टींवर ठरतं: पाइल स्वतः किती ताठ आहे, आणि बाजूची माती त्याला किती ताठपणे धरते.

आयएस २९११ या दोन्हींची सांगड एका लांबीत घालतो. त्या लांबीला आपण ‘टी’ म्हणू. वाळू आणि मऊ चिकणमातीसाठी तिचं सूत्र सोपं आहे: पाइलचा ताठपणा भागिले मातीचा ताठपणा, आणि त्या भागाकाराचं पाचवं मूळ. पाइलचा ताठपणा म्हणजे काँक्रीटचा इलॅस्टिक मोड्युलस (काँक्रीट स्वतः किती ताठ याचं माप) गुणिले छेदाचा मोमेंट ऑफ इनर्शिया (छेदाचा आकार वाकण्याला किती विरोध करतो याचं माप). मातीचा ताठपणा म्हणजे खोली वाढेल तशी माती किती घट्ट होत जाते याचा आकडा.

आपल्या पाइलसाठी एम-३५ चा मोड्युलस ५,००० गुणिले ३५ चं वर्गमूळ, म्हणजे साधारण २९,६०० मेगापास्कल. एक मीटर व्यासाच्या वर्तुळाचा इनर्शिया ०.०४९ मीटरचा चौथा घात. गुणाकार साडेचौदा लाख किलोन्यूटन-चौरस मीटर. माती मध्यम घट्ट वाळूची धरू, पाण्याखालची, आणि तिचा आकडा दर घनमीटरला २,००० किलोन्यूटन. भागाकार ७२६, पाचवं मूळ ३.७३. म्हणजे टी ३.७३ मीटर. पाइल चार टीपेक्षा, म्हणजे सुमारे १५ मीटरपेक्षा लांब असेल, तर वाकण्याच्या दृष्टीने तो ‘लांब’ पाइल. त्याच्या तळाला वर काय चाललंय याची खबरही लागत नाही.

आता त्या पाइलच्या वाट्याला १५० किलोन्यूटन, म्हणजे १५ टनांचा आडवा धक्का आला असं धरू. डोकं जाड पाइल कॅपमध्ये, म्हणजे पाइलची डोकी एकत्र बांधणाऱ्या काँक्रीटच्या ठोकळ्यात, घट्ट धरलेलं आहे. कोडची पद्धत अशी, की पाइल जमिनीखाली सुमारे २.२ टी खोलीवर जणू भिंतीत गाडलेला आहे असं समजा. वर कॅप आणि खाली ही काल्पनिक भिंत, दोन्ही टोकं घट्ट, म्हणून मोमेंट, म्हणजे पाइलला वाकवणारा जोर, आडव्या बलाच्या आणि लांबीच्या गुणाकाराच्या निम्मा. मग या सोप्या चित्रात मोमेंट जरा जास्त निघतो म्हणून तो ०.८२ च्या आसपासच्या गुणकाने कमी करा. सगळं मिळून मोमेंट येतो ०.९ गुणिले बल गुणिले टी. आपल्या पाइलला ५०४ किलोन्यूटन-मीटर. सुरक्षिततेसाठी १.५ चा भारगुणक लावला की ७५५. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सारखा लागणार आहे.

डोकं मोकळं असतं, म्हणजे कॅपने ते वळण्यापासून रोखलं नसतं, तर सर्वांत मोठा मोमेंट डोक्याशी न येता साधारण १.३ टी खाली आला असता. खरी कॅप पूर्ण घट्टही नसते आणि पूर्ण मोकळीही नसते, त्यामुळे वरच्या दोन टी लांबीत कुठेही हात आखडता घेऊ नये.

पाचव्या मुळातून एक फार उपयोगी गोष्ट कळते. समजा मातीचा अंदाज चुकला आणि ती दहापट मऊ निघाली, दर घनमीटरला फक्त २०० किलोन्यूटन. टी ३.७३ वरून ५.९ मीटर होतो. मोमेंट ५०४ वरून ८०० च्या आसपास जातो, म्हणजे दहापट मऊ मातीने मोमेंट दुप्पटसुद्धा होत नाही. सरकणं मात्र टीच्या तिसऱ्या घाताने वाढतं: पहिल्या मातीत डोकं ५ मिलिमीटर सरकत होतं, आता २० मिलिमीटर सरकतं. मातीचा आकडा चुकला तर सळईचं डिझाइन थोडंफार निभावतं, इमारतीच्या सरकण्याचं गणित मात्र पार कोलमडतं. म्हणून मातीच्या आकड्यावर वाद घालायची वेळ आली तर तो सरकण्याच्या तपासणीसाठी घाला.

गोलाची अडचण

चौकोनी बीममध्ये मोमेंटवरून सळई काढणं सोपं असतं. ताणाच्या सगळ्या सळया एका ओळीत तळाशी, दाबाचं काँक्रीट वर, मधलं अंतर ठरलेलं. मोमेंट भागिले अंतर, झालं.

गोल पाइलमध्ये सळया वर्तुळावर पसरलेल्या असतात, आणि तशाच असाव्या लागतात. भूकंप कोणत्या दिशेने येईल ते माहीत नसतं. शिवाय बोअरमध्ये, म्हणजे पाइलसाठी खणलेल्या भोकात, उतरवताना पिंजरा थोडा फिरतोच, त्यामुळे ‘या बाजूला जास्त सळया’ असा आग्रह साइटवर टिकत नाही. कोणत्याही दिशेने वाकलं तरी दोन-तीन सळया कडेला सापडतात आणि पूर्ण ताकदीने काम करतात. बाकीच्या मधल्या पट्ट्यात असतात, त्या ताणल्या जातात पण त्यांचा हात तोकडा. एक-दोन जोड्या तर दाबाच्या बाजूला जातात. काँक्रीटच्या दाबाचा भागही चौकोन नसून वर्तुळाचा कापलेला तुकडा असतो, कडेला अरुंद आणि आत रुंद.

त्यामुळे इथे थेट सूत्र नाही. पद्धत अशी: छेदातला जो थर ना दाबला जातो ना ताणला, त्याची खोली आधी अंदाजाने धरा. सर्वांत वरच्या काँक्रीटचा स्ट्रेन (मूळ लांबीच्या तुलनेत आखडणं किंवा ताणलं जाणं) ०.००३५, ही आयएस ४५६ या काँक्रीटच्या कोडने दिलेली मर्यादा. छेद सपाटच राहतो असं मानलं की तिथून खाली स्ट्रेन सरळ रेषेत कमी होत जातो, शून्य होतो आणि मग ताणाचा होतो. प्रत्येक सळईच्या जागेवरचा स्ट्रेन असा मिळतो. त्यावरून स्ट्रेस (दर क्षेत्रफळामागचं बल) काढायचा, कमाल ०.८७ गुणिले सळईची ताकद ५००, म्हणजे ४३५ मेगापास्कल. मग सगळ्या बलांची बेरीज करून ती वरून येणाऱ्या भाराइतकी येते का पाहायचं. नाही आली तर खोली बदलून पुन्हा. आली, की सगळ्या बलांचे पाइलच्या मध्याभोवती मोमेंट घ्यायचे. एक्सेलमध्ये हे तासाभराचं काम आहे, आणि प्रत्येक तरुण इंजिनिअरने आयुष्यात एकदा तरी ते हाताने करावं असं माझं ठाम मत आहे. त्यानंतर सॉफ्टवेअरचा आकडा वाचण्याची नजर बदलते.

हाताने करायचं नसेल तर १९८० मध्ये भारतीय मानक संस्थेने (आजच्या भारतीय मानक ब्यूरोने) काढलेल्या एसपी १६ मध्ये गोल छेदांचे तयार आलेख आहेत. कागद जुने आहेत, पण मूळ गणित तेच.

आपल्या पाइलला ७५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे लोखंडाबाहेरचं काँक्रीटचं आवरण, ठेवू. आयएस २९११ ला ५० पुरतं, पण खाडीच्या खाऱ्या पाण्यात मी ७५ च्या खाली जाणार नाही. १० मिलिमीटरची रिंग आणि २५ मिलिमीटरच्या १२ सळया. सळयांच्या वर्तुळाची त्रिज्या ४०२.५ मिलिमीटर होते. लोखंड ५,८९० चौरस मिलिमीटर, म्हणजे छेदाच्या ०.७५ टक्के. किमान ०.४ टक्क्यांची अट सहज पार होते.

वरून काहीच भार नाही असं धरून सोडवलं तर शून्य स्ट्रेनचा थर वरच्या कडेपासून सुमारे २१३ मिलिमीटरवर येतो. म्हणजे हजार मिलिमीटरच्या पाइलमध्ये जेमतेम पाचवा हिस्सा काँक्रीट दाबाखाली आहे आणि उरलेलं सगळं तडकलेलं. मोमेंटची क्षमता सुमारे ९५० किलोन्यूटन-मीटर. लागणारा मोमेंट ७५५. वरवर पाहता काम झालं.

हलका भारच जास्त घातक

नवशिक्याची चूक इथे होते. तो सर्वांत जड भार शोधतो, जास्तीत जास्त वजन आणि जास्तीत जास्त भूकंप, ते एकत्र तपासतो आणि फाइल बंद करतो. जड भाराखाली काय होतं ते बघू.

याच पाइलवर वरून २,००० किलोन्यूटन दाब आहे असं धरून तेच गणित पुन्हा करा. शून्य स्ट्रेनचा थर ३४० मिलिमीटरपर्यंत खाली जातो आणि क्षमता ९५० वरून सुमारे १,४५० होते. एकही सळई न वाढवता दीडपट. कारण सरळ आहे. वरचं वजन पाइलला आधीच दाबून धरतं. वाकण्याने येणारा ताण आधी तो दाब संपवतो, आणि मगच सळईच्या वाट्याला येतो. या टप्प्यात वजन सळईच्या मदतीला येतं. खूपच जास्त वजन आलं तर काँक्रीट दाबानेच हार मानतं आणि क्षमता पुन्हा घसरते, पण पाइलमध्ये तिथपर्यंत आपण क्वचितच पोहोचतो, कारण जमीन त्याआधीच थांबवते.

आता उलट बाजू. उंच इमारतीत लिफ्टच्या भिंतीखाली पाइलचा गट असतो. भूकंपात ती भिंत एका बाजूला झुकू पाहते. झुकणाऱ्या बाजूच्या पाइलवर दाब वाढतो आणि मागच्या बाजूच्या पाइलवर कमी होतो, कधी शून्याखाली जाऊन वरच्या दिशेने ओढ लागते. म्हणूनच कोडच्या भारांच्या यादीत एक जोडी अशी असते: ०.९ पट स्वतःचं वजन आणि १.५ पट भूकंप. यात वजन मुद्दाम कमी धरलेलं असतं, कारण इथे वजन आपला मित्र आहे आणि मित्राची मदत कमीच गृहीत धरलेली बरी.

या जोडीत आपल्या पाइलला ८०० किलोन्यूटनची ओढ येते असं समजा. आडवा धक्का तोच, मोमेंट तोच ७५५. त्याच १२ सळयांची क्षमता आता सुमारे ६९० निघते. पाइल नापास.

एकच पाइल, त्याच सळया, तोच मोमेंट. २,००० च्या दाबाखाली १,४५०, शून्यावर ९५०, ८०० च्या ओढीखाली ६९०. ज्याने फक्त जड भार तपासला, त्याला या पाइलमध्ये जवळजवळ निम्मी ताकद वाया चाललेली दिसली असती, आणि त्याने कदाचित सळया आणखी कमीही केल्या असत्या. सळई ठरवते ती सर्वांत हलकी भारस्थिती, आणि ती ओढीची असेल तर आणखीच.

अशा वेळी व्यास वाढवावा की सळया? एकूण आडवा धक्का आणि पाइलची संख्या तीच ठेवून व्यास वाढवला, की पाइल ताठ होतो, टी वाढतो आणि मोमेंटही थोडा वाढतो, व्यासाच्या ०.८ घाताच्या हिशेबाने. पण लोखंडाचं शेकडा प्रमाण तेच ठेवलं तर क्षमता व्यासाच्या तिसऱ्या घाताने वाढते. म्हणून मोमेंटसाठी व्यास वाढवणं परवडतं. मात्र खुदाई आणि काँक्रीटचा खर्च व्यासाच्या वर्गाने वाढतो. माझा कल असा, की लोखंड दीड-दोन टक्क्यांच्या वर जायला लागलं की व्यासाचा विचार करावा. आपण अजून एक टक्क्याच्या आत आहोत, तेव्हा सळयाच वाढवू.

१४ सळया केल्या तर ओढीच्या भारस्थितीत क्षमता सुमारे ८३० येते. ७५५ पेक्षा जास्त. कागदावर पास. पण इथेच थांबलो तर बोअरमध्ये काय घडतं ते विसरल्यासारखं होईल.

बोअरमध्ये घडणाऱ्या गोष्टी

पिंजरा बेंटोनाइटने (भोकाच्या भिंती ढासळू न देणाऱ्या चिकणमातीच्या पाण्याने) भरलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या भोकात उतरतो. कव्हर ब्लॉक सुटले, कमी लावले किंवा मातीत रुतले तर पिंजरा एका बाजूला सरकतो. समजा तो ५० मिलिमीटर सरकला. ओढीच्या भारस्थितीत सगळ्या सळयांचं मिळून निव्वळ ताणबल सुमारे १,८८० किलोन्यूटन असतं. ते ५० मिलिमीटर आत सरकलं की वाईट दिशेतला मोमेंट साधारण ९४ ने घटतो. ८३० चे ७४० च्या आसपास होतात. पुन्हा नापास. शिवाय ज्या बाजूला कव्हर ७५ चं २५ झालं, तिथे खारं पाणी सळईपर्यंत किती लवकर पोहोचेल हा वेगळा प्रश्न.

म्हणून मी इथे १६ सळया देईन. लोखंड ७,८५४ चौरस मिलिमीटर, बरोबर एक टक्का. ओढीखालची क्षमता सुमारे ९८०, पिंजरा सरकला तरी ८८० च्या आसपास. चौदाच्या तुलनेत दोन जादा सळया म्हणजे बारा मीटरच्या पिंजऱ्यात पाइलमागे सुमारे ९२ किलो लोखंड. भोकात न दिसणाऱ्या चुकीपोटी ही किंमत मला रास्त वाटते.

सळया वाढवताना त्यांच्यामधली मोकळी जागा पाहावी लागते. ट्रेमीतून, म्हणजे काँक्रीट तळापर्यंत नेणाऱ्या नळीतून, आलेलं काँक्रीट पिंजऱ्याच्या आतून बाहेर यायचं असतं, आणि ते व्हायब्रेटरने हलवता येत नाही. कोड सांगतो की उभ्या सळयांमधली मोकळी जागा सर्वांत मोठ्या खडीच्या चौपट तरी हवी. २० मिलिमीटर खडीला ८० मिलिमीटर. आपल्या सोळा सळयांमध्ये १३० च्या वर जागा उरते. हीच सळई बारीक घेऊन संख्या वाढवली असती तर जागा झपाट्याने कमी झाली असती. पाइलमध्ये मोजक्या जाड सळया बारीक सळयांच्या गर्दीपेक्षा बऱ्या, हे बीमच्या सवयीच्या अगदी उलट आहे.

रिंगांबद्दल थोडक्यात. किमान ८ मिलिमीटर, आणि त्या १५० मिलिमीटरपेक्षा जवळ बांधू नयेत असं आयएस २९११ म्हणतो, कारण पुन्हा काँक्रीटची वाट. पण भूकंपाच्या भागात कॅपखालच्या लांबीत जवळ रिंगांची गरज असते, म्हणजे दोन अटी एकमेकींना भिडतात. अशा वेळी रिंगेची सळई जाड करणं हा चांगला मार्ग. याशिवाय दर दीड मीटरवर १६ मिलिमीटरची आतली ताठ रिंग. ती क्रेनने उचलताना पिंजऱ्याचा गोल टिकवते. गोल चपटा झाला तर आपण केलेलं सगळं गणित चपटं होतं.

पाइलच्या जागेतली चूकही मोमेंटच आणते. ६०० मिलिमीटरपेक्षा मोठ्या पाइलला ७५ मिलिमीटर किंवा व्यासाचा दहावा हिस्सा, यातलं जे जास्त असेल तेवढी चूक कोड चालवून घेतो. आपल्या पाइलला १०० मिलिमीटर. २,००० किलोन्यूटनचा भार १०० मिलिमीटर बाजूला पडला की २०० किलोन्यूटन-मीटर मोमेंट झाला. तीन किंवा जास्त पाइलच्या गटात तो कॅप वाटून घेते. खांबाखाली एकटाच पाइल असेल तर मात्र तो हिशेबात धरावाच लागतो, किंवा दोन दिशांना टाय बीम (पाइलची डोकी आडवी बांधणारे बीम) द्यावे लागतात.

लांबीभर किती

डोक्याशी ७५५ चा मोमेंट आहे. खाली गेलं की तो घटत शून्य होतो, मग उलट दिशेने वाढतो, आणि दोन टीच्या आसपास, आपल्याकडे साडेसात मीटरवर, डोक्याच्या मोमेंटच्या पाव हिश्श्याहून थोडा जास्त होतो. चार टीच्या खाली जवळजवळ काही उरत नाही. म्हणून सोळाच्या सोळा सळया तळापर्यंत न्यायची गरज नसते. आठ सळया, एकाआड एक, खाली थांबवता येतात. उरलेल्या आठ म्हणजे ३,९२७ चौरस मिलिमीटर, ०.५ टक्के. किमान ०.४ टक्के तळापर्यंत हवेतच, आणि ओढ असलेल्या पाइलमध्ये पूर्ण लांबीभर लोखंड कोडलाही हवं असतं. ८०० किलोन्यूटनच्या ओढीला १,८४० चौरस मिलिमीटर पुरतं, तेव्हा आठ सळया दोन्ही अटी पाळतात.

लॅप, म्हणजे दोन सळया शेजारी-शेजारी ठेवून जोडायची जागा, कुठे येतो हे ड्रॉइंगवर लिहायला विसरू नका. सळई बारा मीटरची येते. वीस मीटरचा पाइल असेल तर पिंजऱ्याचे दोन तुकडे होतात आणि आधी उतरतो तो खालचा. साइटवर हाताशी आला तो तुकडा आधी गेला, म्हणजे बारा मीटरचा खाली आणि आखूड वर, तर लॅप नेमका साडेसात-आठ मीटरवर, उलट मोमेंटच्या शिखरावर येतो. आखूड तुकडा आधी उतरवला की लॅप अकरा मीटरच्या आसपास, तीन टीपाशी जातो आणि तिथे कोणाला त्रास देत नाही. एका ओळीची सूचना आहे, खर्च शून्य.

पण हे सगळं चित्र वरून ढकललेल्या पाइलचं. भूकंपात मातीसुद्धा हलते, आणि तिच्याबरोबर पाइलला ओढते. १९६४ मध्ये जपानमधल्या निईगाता शहरात मोठा भूकंप झाला, वाळूची जमीन पाण्यासारखी सैल झाली आणि आडवी सरकली. तिथल्या एनएचके इमारतीचे सुमारे ३५ सेंटिमीटर व्यासाचे काँक्रीट पाइल पुढे १९८५ मध्ये खोदकामात उघडे पडले. मधली वीस वर्षं इमारत वापरात होती. पाइल दोन ठिकाणी मोडलेले होते: वरच्या टोकापासून काही मीटर खाली, आणि तळापासून काही मीटर वर. तळाजवळ, जिथे वरून ढकलण्याच्या गणितात मोमेंट जवळजवळ शून्य असतो! सैल झालेला थर आणि खालचा घट्ट थर यांच्या सीमेवर पाइलला एकदम वळावं लागलं आणि तो तिथे तुटला.

मुंबईत आणि कोकणातल्या खाड्यांच्या काठी हा धडा अगदी आपला आहे. वर भराव, खाली मऊ खाडीचा चिखल, मग थोडा मुरूम आणि लगेच कातळ. पाइल कातळात काही लांबी गाडलेला असतो, म्हणजे तिथे तो खरोखरच घट्ट धरलेला. चिखल हलला की कातळाच्या तोंडाशी मोमेंट येतो. शिवाय कातळ चार टीच्या आत लागला तर ‘लांब पाइल’चं सोपं सूत्रच लागू होत नाही, माती स्प्रिंगच्या रूपात घालून कॉम्प्युटरवर मॉडेल करावं लागतं. अशा ठिकाणी ‘चार टीच्या खाली सळया अर्ध्या’ हा नियम डोळे मिटून वापरू नये. मी चिखल आणि कातळाच्या सीमेच्या वर-खाली निदान दोन-दोन व्यास तरी पूर्ण सळया ठेवेन, आणि सळया थांबवायच्याच असतील तर त्या सीमेपाशी नाही.

कॅपपाशी

डोकं घट्ट धरलेल्या पाइलमध्ये सर्वांत मोठा मोमेंट पाइल आणि कॅप यांच्या सांध्यावर असतो. दुर्दैवाने पाइलचं सर्वांत वाईट काँक्रीटही तिथेच असतं, कारण ट्रेमीने भरताना बेंटोनाइट आणि माती मिसळलेलं काँक्रीट वर तरंगत येतं. म्हणून ते कट-ऑफ लेव्हलच्या (पाइल जिथे संपायचा त्या पातळीच्या) वरपर्यंत भरायचं आणि नंतर तोडून टाकायचं. तोडताना सळया वाकवून बाजूला केल्या जातात, कधी ब्रेकरने ओरबाडल्या जातात. उरलेलं काँक्रीट घट्ट, स्वच्छ आणि ठणठणीत आवाजाचं लागेपर्यंत तोडा, मग ते लेव्हलच्या थोडं खाली गेलं तरी चालेल. खाली गेलेला भाग कॅपबरोबर चांगल्या काँक्रीटने भरता येतो.

सळया कॅपमध्ये किती जायला हव्यात? एम-३५ मध्ये एफई-५०० (५०० मेगापास्कल ताकदीच्या) सळईची पूर्ण ताकद काँक्रीटमध्ये उतरायला व्यासाच्या चाळीसपट लांबी लागते. २५ मिलिमीटरला एक मीटर. कॅप दीड मीटर जाड असेल तर सळई सरळ जाते. कॅप त्याहून पातळ असेल तर टोकाला नव्वद अंशात वळवावी लागते, आणि वळवलेली टोकं कॅपच्या तळाच्या जाळीत अडकणार नाहीत हे बार बेंडरला आधी ड्रॉइंगवर दाखवावं लागतं. ही लांबी अपुरी राहिली तर ९८० ची क्षमता फक्त पाइलच्या आत उरते, सांध्यावर ती कधी पोहोचतच नाही, आणि डोकं घट्ट धरलं आहे हे आपण सुरुवातीला धरलेलं गृहीतकही खोटं ठरतं. मग सरकणं वाढतं आणि मोठा मोमेंट १.३ टी खाली, आपल्याकडे पाच मीटरच्या आसपास, जाऊन बसतो. वरच्या दोन टी लांबीत सगळ्या सळया ठेवल्या असतील तर निदान तिथे तरी लोखंड हजर असतं.

राहिला तडांचा मुद्दा. आतापर्यंतचं सगळं गणित मोडण्याच्या क्षणाचं होतं. रोजच्या भारात पाइलला कायम आडवा भार असेल, जसा मातीची भिंत धरणाऱ्या किंवा जेट्टीच्या पाइलला असतो, तर तडेही कायमचे उघडे राहतात. आयएस ४५६ सर्वसाधारणपणे ०.३ मिलिमीटर, सतत ओल्या मातीत ०.२ आणि अतिशय कठीण वातावरणात ०.१ मिलिमीटरपर्यंतच्या तडा चालवून घेतो. समुद्राच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यात बऱ्याचदा ही तडांची अटच सळयांची संख्या ठरवते आणि मोमेंटची क्षमता आपोआप जास्त निघते. भूकंपाचा मोमेंट काही सेकंदांचा असतो, त्यासाठी तडा मोजत बसायचं कारण नाही. म्हणून मोमेंटच्या तक्त्यात कायमचे आणि क्षणिक असे दोन रकाने वेगळे ठेवा. तडांची तपासणी पहिल्या रकान्यावर करा, मोडण्याची दोन्हींच्या बेरजेवर, आणि प्रत्येक ओळीसमोर त्या भारस्थितीतलं कमीत कमी वजन लिहा.